उजव्या हाताचं उद्घाटन

मिस्त्रींना मुलीचं कौतुक करायला निमित्त लागत नसे, नुसतं गिऱ्हाईक लागे. कुणी कपाटाचं माप सांगायला दुकानात आला, की मिस्त्री टेप बाजूला ठेवत, कानामागची पेन्सिल काढत आणि जणू तोच विषय चालला होता अशा सुरात विचारत, "आमची भिंगरी काय करते, कल्पना आहे का तुम्हाला?" गिऱ्हाईकाला कल्पना नसे आणि घाई मात्र असे. पण मिस्त्रींच्या हातचं दार वर्षानुवर्षं कुरकुरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे तो बिचारा कपाटाची उंची-रुंदी मनात घोळवत मुकाट्यानं ऐकत उभा राही.

भिंगरी हे मुलीचं घरातलं नाव. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून आईनं ठेवलेलं. आता ती शिकून-सवरून स्क्रीन बनवणाऱ्या एका कंपनीत मोठ्या जागेवर होती, हाताखाली माणसं होती, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. तिच्या कामाची गंमत अशी, की स्क्रीनला बोटसुद्धा न लावता ती चालवायची. समोर उभं राहून पंजा दाखवला की स्क्रीन जागी होते. हात एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नेला की पान उलटतं. मूठ मिटली की जे हवं ते उघडतं. वर बसवलेला कॅमेरा हात बघतो आणि आतला कंप्युटर त्याचा अर्थ लावतो. मिस्त्री हे सांगताना स्वतःच इतके हातवारे करत, की समोर खरंच एखादी स्क्रीन असती तर तिला घेरी आली असती.

त्यातून मोठ्या हॉस्पिटलचं काम भिंगरीच्या कंपनीला मिळालं आणि मिस्त्रींना आवरणं अवघड झालं. हॉस्पिटलच्या दारातून आत गेलं की मोठा दिवाणखाना होता. कुठला विभाग कुठल्या मजल्यावर, कुठले डॉक्टर किती वाजता बसतात, हे सांगणारी एक जुनी स्क्रीन तिथे भिंतीला होती. येणारा प्रत्येक जण हातावर खोकायचा आणि त्याच हातानं ती दाबायचा. हॉस्पिटलच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणत, त्यांनी एकदा तिथे उभं राहून हा प्रकार पाहिला आणि म्हणाल्या, आपण वर रोग बरे करतोय आणि खाली दारातच वाटतोय. मग हात न लावता चालणारी स्क्रीन हवी असं ठरलं. आधी खालच्या दिवाणखान्यात एक. ती नीट चालली तर प्रत्येक मजल्यावर.

या कामासाठी भिंगरीनं जिवाचं रान केलं होतं. तिचे साहेब आधी नाक मुरडत होते. हॉस्पिटलात माणसं गोंधळलेली असतात, तिथे असली कौतुकं चालणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तिनं चालवून दाखवीन असा शब्द दिला आणि तो गळ्याशी आला तरी सोडला नाही. कंप्युटरला हात ओळखायला शिकवायचं तर हातांचे फोटो लागतात, ढिगानं लागतात. ती कॅमेरा घेऊन कॉलेजांत गेली, बाजारात गेली, कचेऱ्यांत गेली. जाड हात, बारीक हात, घड्याळं घातलेले, कणकेनं भरलेले, म्हातारपणानं थरथरणारे. लोक चेष्टा करत की मुलगी ज्योतिषी झाली काय. ती हसून सोडून देई आणि पुढचा हात मागे.

मिस्त्रींचा स्वतःचा या कामाशी काही संबंध यायचं कारण नव्हतं. पण तो आला, कारण मिस्त्रींनी आणला. हॉस्पिटलच्या दिवाणखान्याच्या भिंतींना जुन्या पद्धतीच्या लाकडी फळ्या होत्या आणि त्यांत कंपनीची ती लोखंडी पेटी म्हणजे भल्या घराच्या बैठकीत फ्रिज आणून ठेवावा तशी दिसत होती. तिच्याभोवती लाकडी चौकट बसवायचं ठरलं. भिंगरीनं वडिलांचं नाव सुचवलं नाही, तिला ते प्रशस्त वाटेना. तेव्हा मिस्त्रीच एके दिवशी लाकडाचे दोन नमुने पिशवीत घालून हॉस्पिटलात हजर झाले. मी कुणाचा कोण, हे एका शब्दानं बोललो नाही, असं त्यांनी घरी आल्यावर छातीवर हात ठेवून सांगितलं. ते खरं नव्हतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यालाच त्यांनी आधी सगळं सांगून टाकलं होतं, आणि त्यानं ते आत पोचवलं होतं.

काम मात्र त्यांनी असं केलं, की मोठ्या डॉक्टरीणबाई जाता-येता चौकटीवरून हात फिरवून जायच्या. एकदा थांबून म्हणाल्या, "स्क्रीन मुलीची, चौकट वडिलांची. मग उद्घाटनाला मी कशाला हवी? मिस्त्री, तुम्हीच पहिला हात वर करा." मिस्त्रींनी आधी नको-नको केलं, अगदी रीतीपुरतं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या गल्लीतल्या सगळ्या दुकानांना ते कळलेलं होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मिस्त्री चौकटीला शेवटचा हात मारत होते. भिंगरीनं स्क्रीन सुरू करून ठेवली होती आणि हॉस्पिटलमधली झाडून सगळी माणसं येऊन ती चालवून बघत होती. पहारेकरी, सफाईवाल्या बाया, औषधांच्या दुकानातली मुलगी. पंजा वर केला की स्क्रीन उजळायची आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत यायचं, 'या. काय हवंय?' हे शब्द भिंगरीचे. साहेबांना काहीतरी भारदस्त हवं होतं, पण आजारी माणसाशी भारदस्त कशाला बोलायचं, म्हणून तिनं हेच ठेवलं. मिस्त्री खिळे ठोकता ठोकता प्रत्येकाचं तोंड बघत होते आणि जणू स्क्रीनच्या आत तेच बसलेत अशा थाटात मान डोलावत होते.

मग दुपारी गर्दी ओसरली. भिंगरी वरच्या मजल्यावर तारांचं काही बघायला गेली. मिस्त्रींनी हात पुसले, इकडेतिकडे पाहिलं, आणि फरशीवर जिथे उभं राहायची पिवळी खूण होती तिथे जाऊन ताठ उभे राहिले. उद्याची तालीम करून घ्यावी, एवढाच विचार. त्यांनी ऐटीत उजवा हात वर केला.

काही झालं नाही.

त्यांना वाटलं, खुणेवर पाय नीट पडला नसेल. ते जरा पुढे सरकले. मग मागे. हात खाली घेऊन पुन्हा वर केला, हळू केला, जोरात केला. स्क्रीन ढिम्म. 'हात वर करा' एवढंच त्यावर लिहिलेलं होतं आणि खाली पंजाचं चित्र. मिस्त्री वैतागून डाव्या हातानं कपाळावरचा घाम पुसायला गेले, आणि डावा हात वर जाताच स्क्रीन लख्ख उजळली. 'या. काय हवंय?'

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आतापर्यंत सांगायची राहूनच गेली. मिस्त्रींच्या उजव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही. लग्न नवं होतं तेव्हा गोल करवतीच्या मशीननं ती नेली. सांगायची राहिली याचं नवल वाटायला नको, कारण त्यांच्या घरातही ती कुणी सांगत नाही. लपवतात असं नाही. कुणाच्या ध्यानातच नसते. त्या तीन बोटांनी मिस्त्री रंधा मारतात, पटाशी धरतात, सुईत दोरासुद्धा ओवतात, आणि ज्या हाताचं काही अडत नाही त्याची चर्चा कोण करणार?

आता मात्र त्या चित्रातल्या पंजाकडे आणि आपल्या हाताकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. पहिला विचार आला की कुणी पाहिलं तर नाही ना. दुसरा आला भिंगरीचा. उद्या साहेब येणार, मोठ्या डॉक्टरीणबाई येणार, वरच्या मजल्यांचं काम मिळायचं की नाही ते उद्यावर. आणि त्या सगळ्यांसमोर तिची स्क्रीन तिच्याच बापाला ओळखणार नाही. मग डावा हात चालतो हे आठवलं आणि जीव भांड्यात पडला. डावा तर डावा. उद्घाटन म्हणजे डाव्या हाताचा मळ, असं ते स्वतःशीच म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसायचा त्यांनी प्रयत्न केला.

संध्याकाळी घरी ते कपाटाच्या आरशासमोर उभे राहून डावा हात वर करून बघत होते. भिंगरीची आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं विचारलं की हे काय चाललंय. उद्याची तयारी, मिस्त्री म्हणाले. हात वर करायला तयारी कसली लागते, असं तिनं विचारलं, आणि वर, मग डावा का? मिस्त्री सुतार होते, खोटं बोलण्यात त्यांचा हात बसलेला नव्हता. उजवा खांदा धरलाय, असं त्यांनी सांगितलं. झालं. तिनं मलमाची बाटली काढली आणि त्या ठणठणीत खांद्याला आग होईस्तोवर चोळलं. मिस्त्रींनी चकार शब्द काढला नाही. मुलीसाठी माणूस काय काय सोसतो.

दुसऱ्या दिवशी ते लवकरच जाऊन पोचले. चौकटीला पॉलिशचा एक शेवटचा हात द्यायचा होता, निदान तसं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. स्क्रीन चालू होती. कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडायचं काम चाललं होतं आणि रुग्ण नेहमीसारखे येत-जात होते. मिस्त्री एका कोपऱ्यात फडकं घेऊन बसले होते, तेवढ्यात एक बाई आत आली. पन्नाशीची असेल. काखेत एक्स-रेची मोठी पिशवी. उजवा हात कधीतरी भाजलेला असावा, कारण बोटं एकमेकांना धरून आत वळलेली होती. ती पिवळ्या खुणेवर उभी राहिली, वर लिहिलेलं वाचलं आणि हात वर केला.

स्क्रीन तशीच राहिली. बाईनं पिशवी खाली ठेवली, आपल्याला कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि पुन्हा हात वर केला. दुसऱ्या हातानं ती बोटं सरळ करायचा तिनं प्रयत्न केला. ती सरळ होणारी नव्हती. मग तिनं पिशवी उचलून पुढ्यात धरली, अशी की हात तिच्यामागे झाकला जावा, आणि मिस्त्रींकडे येऊन विचारलं, "दादा, हाडांचा विभाग कुठे आहे हो? मशीन चांगलंच असेल. माझाच हात असला."

मिस्त्री उठले आणि तिला लिफ्टपर्यंत सोडून आले. परत आले ते फडकं हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. तो पिशवीमागे गेलेला हात त्यांना पुरता ओळखीचा होता. करवतीनं बोटं नेली त्यानंतर कितीतरी दिवस त्यांचा उजवा हात खिशात असायचा. भर उन्हाळ्यात, पाहुण्यांत, बाजारात पैसे देताना, सगळीकडे खिशात. कुणी काही म्हणालं नव्हतं. त्यांचीच मान वर होत नव्हती. मग भिंगरी झाली. तान्ह्या बाळाला उचलायचं तर दोन्ही हात लागतात, एक खिशात ठेवून उचलता येत नाही. तो हात तेव्हा बाहेर आला तो आलाच. आणि काल, इतक्या वर्षांनी, आरशासमोर आपण तोच हात पुन्हा खिशात घालत होतो हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांना स्वतःचा राग आला.

भिंगरी कॅमेऱ्याची तार तपासत होती. मिस्त्री तिच्याजवळ गेले आणि आडवळणं न घेता म्हणाले, "भिंगरे, तुझ्या स्क्रीनला माझा उजवा हात दिसत नाही."

ती आधी हसली. खिडकीतून उन्हाची तिरीप येत असेल, म्हणाली, आणि त्यांना खुणेवर नेऊन उभं केलं. त्यांनी हात वर केला. तिनं कॅमेरा पाहिला, दिवे पाहिले, पडदा ओढून पाहिला, खाली वाकून फरशीवरची खूणसुद्धा पाहिली. सगळं पाहिलं, फक्त हाताकडे पाहिलं नाही. मग शेवटी तिनं हाताकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

काल कळलं होतं, मिस्त्रींनी सांगितलं. मग कालच का नाही बोललात, तिनं विचारलं. तुझा दिवस खराब करायचा नव्हता, ते म्हणाले, आणि त्यांनी आपली युक्ती तिला समजावून दिली. डावा चालतो. आज डाव्यानं भागवू. दार जरा चिकटत असेल तर मी काय गृहप्रवेशाच्या दिवशी रंधा काढून बसतो का? कार्यक्रम होऊ द्यायचा, पाहुणे जाऊ द्यायचे आणि मग सवडीनं येऊन तासून द्यायचं. पण बोलता बोलता त्यांनी तिला त्या बाईचंही सांगितलं. ते सांगितलं नसतं तर त्यांना दुसरं काही सांगायचा हक्कच नव्हता.

लोक खुर्च्यांवर येऊन बसू लागले होते. साहेब नवा कोट घालून आले होते आणि लांबूनच तिला अंगठा दाखवत होते. ती हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, सगळ्यांसमोर उजवा हात वर कराल? नको वाटत असेल तर नको म्हणा. मी नुसतं तोंडानं सांगेन."

मिस्त्रींना नको वाटत होतं. चारचौघांत हात वर करून उभं राहायचं आणि काहीच घडायचं नाही. कालपर्यंत सगळ्या गल्लीला सांगत हिंडलो, त्यातले दोघं-तिघं मागच्या रांगेत येऊन बसलेतही. पण मुलीनं विचारलं होतं. असं विचारायलाही छाती लागते, हे त्यांना कळत होतं.

"करतो," ते म्हणाले.

मोठ्या डॉक्टरीणबाईंचं भाषण थोडक्यात झालं. साहेबांचं व्हायचं तेवढं झालं. टाळ्या झाल्या आणि मिस्त्रींचं नाव पुकारलं गेलं. ते खुणेवर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला. स्क्रीन हलली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, जरा पुढे व्हा. दुसरा म्हणाला, मागे या. पहारेकरी मदतीच्या भावनेनं म्हणाला, मिस्त्री, तो दुसरा हात करून बघा. साहेबांनी भिंगरीकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. मिस्त्रींनी हात खाली घेतला नाही. कान तापले होते, पण हात वरच ठेवला.

भिंगरी पुढे येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. ती म्हणाली, "स्क्रीन बिघडलेली नाही. मी तिला जसं शिकवलं तशीच ती वागते आहे. तिला माझ्या वडिलांचा हात ओळखता येत नाही, कारण मी तो तिला दाखवलाच नाही. आज सकाळी वर गेलेल्या एका बाईंचा हातही तिला ओळखता आला नाही. तेव्हा आज ही सुरू करू नये, असं माझं म्हणणं आहे."

साहेब उठून काही बोलणार होते, पण मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना हातानंच बसवलं. बाई स्वतः हाडांच्या डॉक्टर. आयुष्यभर मोडलेले हातच पाहिलेले. त्या रागावल्या होत्या की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. त्यांनी विचारलं, "एवढ्या लोकांचे हात गोळा केलेत. घरचाच कसा विसरलात?"

हाच प्रश्न भिंगरी सकाळपासून स्वतःला विचारत होती. तिनं सांगितलं की मी आकडे बाबांच्या हातावर शिकले. बाबा हात वर करून पाच म्हणायचे, तर माझ्यासाठी तोच पाच. शाळेत पहिल्याच आठवड्यात बाईंनी पाच बोटं दाखवायला सांगितली, तेव्हा सगळ्या वर्गानं दाखवली आणि मी दोन बोटं दुसऱ्या हातानं नीट दुमडून मग दाखवली. बाईंनी चूक आहे म्हटल्यावर मी वाद घातला. शेवटी बाबांना शाळेत बोलावणं आलं. लोक हसले. ती हसली नाही. मिस्त्रींकडे न बघता ती म्हणाली, "मी अपुरे हात शोधायला गेले असते तरी यांचा घेतला नसता. मला तो कधी अपुरा दिसलाच नाही."

मिस्त्रींचा हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही. ज्या माणसाला गिऱ्हाईकाला थांबवून थांबवून बोलायची सवय, त्याला त्या क्षणी एक शब्द फुटेना. डोळे भरून आले आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, निदान त्यांना तसं वाटलं. ही माझी मुलगी आहे, एवढं एकच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. हे ओरडून सांगावंसं वाटत होतं आणि नवलाची गोष्ट म्हणजे तिथे बसलेल्या सगळ्यांना ते आधीच ठाऊक होतं.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. त्यांनी सांगितलं की आमच्या वरच्या मजल्यावर हातांना तोटा नाही. वाकडे, बांधलेले, मुठी न उघडणारे, पाहिजेत तेवढे घ्या, विचारून घ्या. त्या हातांनी स्क्रीन उघडली की मग बघू. तोवर बाकीच्या मजल्यांचं काम तसंच थांबेल. एवढं बोलून त्या आपल्या रुग्णांकडे निघून गेल्या आणि खुर्च्या आवरायला सुरुवात झाली. साहेबांनी भिंगरीला खांबाआड नेऊन बरंच सुनावलं. स्वतःच्या हातानं स्वतःचं उद्घाटन मोडणारी इंजिनिअर आपण पहिल्यांदाच पाहिली आणि काम हातचं गेलं तर तुमचीही जागा गेली असं समजा, असं ते म्हणाले. समजते, ती म्हणाली. घरी येईपर्यंत ती धीटच होती. घरी आल्यावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडली, आणि आई तिच्या केसांतून हात फिरवत मिस्त्रींच्या बऱ्या झालेल्या खांद्याकडे रोखून बघत राहिली.

गल्लीत बातमी मिस्त्रींच्या आधी पोचली होती. लोकांना वाटलं, आता महिनाभर तरी मिस्त्री गप्प राहतील. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक खिडकीच्या पट्ट्यांचं विचारायला आलं आणि सहज सहानुभूतीनं म्हणालं, कार्यक्रम फिसकटला म्हणे, वाईट झालं. मिस्त्रींनी टेप बाजूला ठेवली. वाईट? त्यांनी विचारलं. फिसकटला नाही, तिनं थांबवला. साहेब समोर, कोट घालून बसलेले, हातातोंडाशी आलेलं काम, आणि ही पोर उभी राहून सांगते की माझं चुकलं. तुमच्या ओळखीत आहे असं कुणी? असलं तर नाव सांगा. गिऱ्हाईकाला चटकन कुणाचं नाव आठवलं नाही. मिस्त्री म्हणाले, मग ऐका, आणि मुळापासून सुरुवात केली. या वेळी ते हात दोन्ही बाजूंना नेत नव्हते. उजवा समोर धरून बोलत होते.

त्याच आठवड्यात भिंगरी कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन दुकानात आली. हॉस्पिटलातून ती बरेच हात घेऊन आली होती, त्या बाईचाही. बाईनं आधी नको म्हटलं होतं, मग भिंगरीनं तिला वडिलांची गोष्ट सांगितल्यावर तिनं पिशवी खाली ठेवली होती. आता राहिले होते मिस्त्री. भुसा झाडून तिनं त्यांना रंधा मारायच्या टेबलासमोर बसवलं. हात उघडा, मिटा, असा फिरवा, तसा फिरवा. मिस्त्री फोटोवाल्यासमोर बसल्यासारखे मान ताठ करून बसले होते. मान नाही लागत बाबा, ती म्हणाली, पण त्यांनी सोडली नाही.

प्रत्येक फोटोबरोबर कंप्युटरला सांगावं लागतं की हे काय आहे. तसा एक शब्द लिहावा लागतो, तो वाचून कंप्युटर शिकतो. साहेबांचा सकाळीच निरोप आला होता की असे हात मूळच्या हातांत मिसळू नका, त्यांचा वेगळा गट करा आणि त्याला 'इतर' म्हणा. भिंगरीनं तो निरोप वडिलांना वाचून दाखवला. मिस्त्री म्हणाले की साहेब आहेत, त्यांचं ऐकावं, आपल्याला काय, इतर तर इतर. पण ते बोलताना त्यांचा आवाज थोडा खाली गेला.

भिंगरीनं काहीतरी टाइप केलं. मिस्त्रींना चष्म्याशिवाय दिसेना.

"काय लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"हात."

"एवढंच?"

"मग आणखी काय लिहायचं?"